घरी बांधलेली हलकी गाडी: डावं चाक सांध्यावर चढलं की उजवीकडे उडी मारते

खटपट्या (बडोदा)

नमस्कार मंडळी. आधीच्या धाग्यावर येऊन गेलेल्यांना गाडी ठाऊक आहे. नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. लोटस सेव्हनच्या (जुनी हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) धाटणीची, दोन माणसांची, दारं नसलेली, छत नसलेली गाडी. सांगाडा २५ मिमीच्या चौकोनी पाइपाचा, १६ गेज जाडीचा. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या जिप्सीचा, १.३ लिटर कार्ब्युरेटरवाला. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असते, ती काढून टाकली की गिअरबॉक्सवरून सरळ प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद देणारा दांडा) मागे नेता येतो. मागचा ॲक्सल ऑम्नीचा. स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा) मारुती ८०० चा, उलटा करून चाकांच्या पुढे बसवलेला. पुढचे अपराइट (चाक धरणारे उभे भाग) मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिस्त्रीकाकांनी बनवून दिले. नाक आणि मडगार्ड एफआरपीचे (फायबरचे), बाकी ॲल्युमिनियमचा पत्रा. वे-ब्रिजवर वजन भरलं ५६० किलो, पेट्रोल अर्धी टाकी धरून.

गाडी रस्त्यावर जात नाही, तिला नंबर नाही, मिळणारही नाही. आयशर ट्रकमध्ये घालून वाघोडियाला मित्राच्या गोदामाच्या आवारात नेतो. तिथं काँक्रीटचा सरळ पट्टा आहे, शेवटी वळायला मोकळी जागा.

आता दुखणं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. मी गाडी विटांवर चढवली होती, पण विश्वामित्री नदीनं विटा मोजल्या नाहीत. चाकं हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) वर बुडाली, दोन दिवस तशीच. (मगर आली का, हे कृपया विचारू नका. शेजारच्या सोसायटीत आली होती. आमच्या वाट्याला चिखल.) ॲक्सलचं तेल काढलं तर दुधाचा चहा, म्हणजे आत पाणी गेलेलं. तीन वेळा भरून-चालवून-काढलं तेव्हा रंगावर आलं. चारही चाकांची बेअरिंग नवी, ब्रेक ऑइल नवं, स्टार्टर उघडून वाळवला, रॅक काढून धुऊन नवं ग्रीस आणि नवे बूट. त्यातच पुढच्या स्प्रिंगा थोड्या कडक टाकल्या, कारण जुन्या गंजल्याच होत्या.

चार महिन्यांनी गाडी सुरू झाली आणि आता हे नवं. काँक्रीटच्या दोन स्लॅबांमधला सांधा जरा वर आलेला असेल आणि त्यावर फक्त डावं चाक चढलं, तर गाडी उजवीकडे उडी मारते. पन्नासच्या वेगाला पोटात गोळा येतो. वळणातही घाबरट झाली आहे, स्टिअरिंग जरा दिलं की जास्तच घेते. पुराच्या आधी असं नव्हतं. दोरा लावून टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) पाहिला, बरोबर आहे. कुठे प्ले (ढिलेपणा) नाही. हवा १८ पीएसआय.

दुसरा प्रश्न. एकाकडे जिप्सीचंच १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) इंजिन पडून आहे, ८० बीएचपीचं. माझं ६० चं. गाडी उघडलीच आहे तर तेही बसवून घेऊ का?

पाना_दहा_बारा

पुरातली गाडी म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट. नवीन टाकलेत म्हणता, पण दाबून बसवताना वाकडं बसलं असेल. चाक वर-खाली धरून हलवून पाहा, मग डावी-उजवीकडे. आणि मारुतीचा पुढचा हब वापरला असेल तर एक विसरू नका. त्या बेअरिंगला ड्राइव्ह शाफ्टचा तुकडा आवळून धरतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे म्हणून शाफ्टच काढून फेकला तर बेअरिंगला धरायला काही उरत नाही.

इंदुरी_भिया

इंजिन बसवूनच टाका हो भिया, विचारताय काय! आमच्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ पासून. तुम्हाला आत सोडणार नाहीत ती गोष्ट वेगळी. पण बाहेर पोहे-जिलबी खाऊन आवाज ऐकता येतो.

निवृत्त_फोरमन

इंजिनाचं नंतर. खटपट्याराव, तीन गोष्टी सांगा.

उजवं चाक सांध्यावर चढलं तर गाडी कुठे जाते?
सरळ ब्रेक मारला, नाक दबलं, तर ओढ घेते का?
रॅक खोलला तेव्हा तो परत त्याच जागी बसला, हे कशावरून म्हणता?

तिसऱ्याचं उत्तर विचार करून द्या.

खटपट्या

काका, उजवं चाक चढलं तर डावीकडे जाते, अगदी आरशातल्यासारखं. ब्रेकला ओढ नाही, सरळ थांबते. रॅक त्याच भोकांत त्याच ब्रॅकेटवर बसवलाय. दुसरी भोकंच नाहीत.

@पाना_दहा_बारा, शाफ्टचे तुकडे आहेत जागेवर. मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी ती शिकवणी घेतली होती.

निळी_ल्युना

दोन्ही बाजूंना सारखंच होतंय म्हणजे बेअरिंग नाही. दोन बेअरिंगं एकाच वेळी, एकाच मापानं, आरशातल्यासारखी बिघडत नसतात. हा बंप स्टिअर आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळणं.

घरात झोपाळा असेलच, बडोद्यात नसेल तर कुठे असणार. त्याच्या चार कड्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या उंचीवर टांगलेल्या असतात तोवर पाट सरळ झुलतो. एक कडी जरा आखूड घेऊन तेवढीच खालून टांगा. झोपाळा उभा असताना फरक कळणार नाही, पण झोका दिला की पाट मुरडतो. तुमचं पुढचं चाक असंच टांगलेलं आहे: वरचा विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारा त्रिकोणी हात), खालचा विशबोन आणि तिसरा टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा). चाक वर उचललं की तिघेही आपापल्या कमानीत फिरतात. टाय रॉडची कमान बाकी दोघांशी जुळली नाही तर तो अपराइटचा हात ओढतो किंवा ढकलतो. तुम्ही स्टिअरिंगला हात लावलेला नसतो, तरी चाक वळतं.

दोऱ्यानं घेतलेला टो गाडी उभी असतानाचा. तो बरोबरच येणार. झोपाळाही उभा असताना सरळच दिसतो.

तुमचं डावं चाक दबलं की गाडी उजवीकडे जाते, म्हणजे दबलेलं चाक आत वळतंय. वळणातला घाबरटपणाही त्यातलाच. वळणात बाहेरचं चाक दबतं, ते आणखी आत वळतं आणि तुम्ही मागितल्यापेक्षा गाडी जास्त वळते. ब्रेकला दोन्ही चाकं एकदम आत वळतात, एकमेकांना काटतात, म्हणून ओढ नाही.

(कॉलेजात बाहा (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या) स्पर्धेची गाडी केली होती आम्ही. रॅक चाकांच्या मागून पुढे नेला आणि उलटा करायला विसरलो. पहिल्या फेरीत आमचा ड्रायव्हर उजवीकडे वळवत होता आणि गाडी शांतपणे डावीकडच्या कडुनिंबाकडे निघाली होती. तेव्हापासून मी स्टिअरिंगच्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवरही नाही.)

गरम_लोखंड

बंप स्टिअर असेल तर सोपं आहे. अपराइटचा हात गॅसवर लाल करायचा आणि पाच मिमी वाकवायचा. आमच्याकडे ट्रॅक्टरचं असंच करतात.

निवृत्त_फोरमन

अजिबात नाही. स्टिअरिंगचा कोणताही भाग तापवायचा नाही, वाकवायचा नाही, वेल्ड करायचा नाही. लाल करून वाकवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं, ते दिसत नाही, आणि एक दिवस ते भर वळणात तुटतं. ट्रॅक्टर शेतात वीसनं चालतो. उंची बदलायची तर रॅकखाली पट्टी घाला किंवा टाय रॉडच्या टोकाला स्पेसर. तेही मोजल्यानंतर.

कोव्हेंट्रीकर

रात्रपाळीतून लिहितोय, चुका पोटात घाला. माझ्याकडे इथे इंग्लंडात केटरहॅम आहे, म्हणजे तुमच्या गाडीची थोरली बहीण. कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन १९५७ मध्ये आणली, सुट्या भागांत विकायची सोय ठेवून, कारण पूर्ण गाडीवर ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स लागायचा आणि किटवर नाही. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतो. केटरहॅमनं २०१३ मध्ये सर्वांत स्वस्त सेव्हन काढली तेव्हा त्यात काय घातलं? सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि मागे सुझुकीचाच सरळ ॲक्सल. ८० बीएचपी, ४९० किलो. तेव्हा ऑम्नीचा ॲक्सल लावला म्हणून ओशाळायचं कारण नाही, खानदान एकच.

मोजायची रीत अशी. पुढून गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडांवर) घ्या. शॉकर काढा, त्यावरची स्प्रिंग उतरवा आणि नुसता शॉकर परत लावा, म्हणजे चाक हातानं वर-खाली होईल. स्टिअरिंग सरळ ठेवून पक्कं बांधा. चाक काढून हबवर चाकाच्या नटांनीच प्लायचा चौकोन आवळा आणि त्यावर लेझर लेव्हल. समोर तीन मीटरवर भिंत. हबखाली जॅक लावून पाच-पाच मिमीनं वर न्या आणि प्रत्येक वेळी भिंतीवर टिंब काढा. टिंब वर-खाली जाईल, ते सोडून द्या. फक्त आडवं किती सरकलं ते पाहा.

निवृत्त_फोरमन

भिंतीवर आधी ओळंबा सोडून उभी रेघ मारा. बिल्डरनं बांधलेल्या भिंतीच्या कोपऱ्यावर विसंबू नका.

निळी_ल्युना

आणि हब वर जाताना स्वतःही एक-दोन मिमी आत-बाहेर सरकतो, विशबोनच्या कमानीमुळे. तेवढं धरून चला, त्यासाठी घाबरायला नको.

कागद_आधी

विषयाबाहेर, पण वाचणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. मूळ कारखानाच नसलेल्या गाडीची गोष्ट त्याहून पुढची. धागाकर्ते खाजगी आवारात चालवतात हे योग्यच. हा धागा वाचून उद्या कोणी अशी गाडी ओल्ड पादरा रोडवर काढू नका.

जुना_अलिबागकर

आमच्याकडे अलिबागजवळ चिंकारा रोडस्टर बनायची, इसुझूचं १.८ लिटर इंजिन, एफआरपीची बॉडी, दिसायला हीच जातकुळी. मांडव्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "अर्धीच आणली का रं?"

धागा वाचनखुणेत.

खटपट्या

शनिवारी रात्री केलं. सविस्तर लिहितो, कारण लेझर दिसावा म्हणून पार्किंगचे दिवे बंद केले होते आणि सोसायटीच्या वॉचमननं दोनदा येऊन विचारलं की चोरी तर नाही ना.

स्टिअरिंग सुताच्या दोरीनं सीटच्या पाइपाला बांधलं, मग लक्षात आलं की दोरी ताणते, म्हणून लाकडाच्या दोन पट्ट्या आणि सी-क्लॅम्प. भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. ओळंब्याला बायकोच्या शिवणकामातला दोरा आणि खाली १७ चा नट. डावा हब.

गाडी नेहमी ज्या उंचीवर उभी असते तिथं शून्य. २५ मिमी वर नेलं, टिंब १४ मिमी आत. २५ मिमी खाली सोडलं, टिंब १३ मिमी बाहेर. मधली टिंबं जवळजवळ सरळ रेषेत. पट्टी लावून रेघ मारता येईल इतकी. उजवीकडे तेच, फरक एखाद्या मिमीचा.

आधी वाटलं १४ मिमी म्हणजे काय मोठं. मग हिशेब केला. तीन मीटरवर १४ मिमी म्हणजे माझ्या चाकाच्या रिमवर जवळजवळ दीड मिमी टो, एका चाकाला. मी दोऱ्यानं ज्या एका मिमीसाठी सकाळ घालवली, त्याच्या दीडपट एका सांध्यावर बदलतोय. आणि मी हे ५० च्या वेगाला करत होतो. इथं थांबून एक चहा घेतला.

निळी_ल्युना

सुंदर. आता टिंबं वाचा.

वर जाताना एकीकडे आणि खाली जाताना दुसरीकडे, सरळ रेषेत, तर टाय रॉडची उंची चुकलीय. वर जाताना आणि खाली जाताना दोन्ही वेळा एकाच बाजूला गेलं असतं, कमान झाली असती, तर टाय रॉडची लांबी चुकली असती. तुमची उंची आहे. रॅक पुढे आहे आणि चाक दबताना आत वळतंय, म्हणजे रॅक खाली बसलाय. किती? टाय रॉड अंदाजे ३०० मिमी आणि अपराइटचा हात ११० मिमी धरला तर सहा मिमीच्या आसपास.

सहा मिमी ही चुकून होणारी चूक वाटत नाही. हे कोणीतरी केलेलं असतं.

पाना_दहा_बारा

नव्या कडक स्प्रिंगांनी गाडी उचलली असेल, म्हणून.

निळी_ल्युना

थोडा फरक पडेल, पण उंची तर त्यांनी आधीच्या मापावर आणली आहे ना, खटपट्या? शॉकरच्या चकत्या फिरवून?

खटपट्या

हो. जमिनीपासून सांगाड्यापर्यंत आधी होती तितकीच, चारी कोपरे.

मुका_वाचक

तीन वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. तुमच्या जुन्या धाग्यावर रॅक बसवतानाचा फोटो आहे, नाकाशिवायचा, बाजूला सेव-उसळीची प्लेट ठेवलेला. त्यात रॅकच्या दोन्ही क्लॅम्पांखाली एकावर एक दोन पट्ट्या दिसतात. काल टाकलेल्या फोटोत क्लॅम्प थेट ब्रॅकेटवर बसलाय.

निवृत्त_फोरमन

शाब्बास.

इंदुरी_भिया

साष्टांग!

खटपट्या

मंडळी, मला बसू द्या जरा.

पुरानंतर रॅक काढला तेव्हा त्याच्याखालून चार चपट्या गंजलेल्या खपल्या निघाल्या. मला खरंच वाटलं, गंजाचे पापुद्रे आहेत किंवा मिस्त्रीकाकांनी फट भरायला काहीबाही घातलंय. ब्रश मारून ब्रॅकेट चकाचक केलं, रंग दिला आणि खपल्या भंगाराच्या डब्यात. ३ मिमीच्या दोन, दोन्ही बाजूंना. सहा मिमी.

आणि ऐका, याहून वाईट. रॅक परत बसवला तेव्हा बोल्ट खालून जास्त बाहेर आले होते. दिसलं होतं मला! मी काय केलं? "बोल्ट लांब दिले काकांनी" म्हणत ग्राइंडर घेऊन कापले. गाडी सांगत होती आणि मी तिची जीभ कापली.

रात्री साडेनऊला मिस्त्रीकाकांना फोन केला. पहिलं वाक्य, "पेली पट्टीओ क्यां गई?" (त्या पट्ट्या कुठे गेल्या?) मी अजून काही बोललोही नव्हतो. नुसतं "रॅक" म्हणालो होतो. मग म्हणाले, त्या दिवशी लेथवर ब्रॅकेट सहा मिमी खाली बेतलं गेलं होतं, परत वेल्ड करण्यापेक्षा पट्ट्या घातल्या, आणि तुला सांगितलं होतं. सांगितलं असेल. त्या दिवशी मी इंजिन पहिल्यांदा सुरू होणार या आनंदात होतो.

डबा उपसला. चारपैकी तीन मिळाल्या.

निवृत्त_फोरमन

जुन्या घालू नका. ३ मिमीच्या फ्लॅटच्या नव्या कापा, भोकं जुन्यांवरून उतरवा, कडा घासा, जिंक मारा. शक्य असेल तर दोन पातळ्यांऐवजी सहाची एकच. कापलेले बोल्ट फेकून द्या, नवे ८.८ ग्रेडचे (जास्त मजबूत) आणि नवे नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट. एकदा खोललेला नायलॉक मी कधी परत वापरला नाही. आणि ब्रॅकेटवर रंगानं लिहा: "६ मिमी पट्टी". तुमच्यानंतर गाडी उघडणारा माणूस तुम्हीच असाल आणि तोवर विसरला असाल. मी कलाभवनात (बडोद्याची जुनी तंत्रशिक्षण संस्था) शिकलो तेव्हा आमचे सर प्रत्येक खोललेल्या भागाला पुठ्ठ्याचं लेबल बांधायला लावत. आम्ही हसायचो. साठीला आलो तेव्हा हसू थांबलं.

फायबरवाली

फोटोत नाकाला उजवीकडे तडा दिसतोय. पावसाळ्यात दुरुस्त करू नका, ओलसर हवेत रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं. आता कोरड्या दिवसांत करा. आतून मॅट (काचतंतूंचं कापड), बाहेरून फक्त जेलकोट (वरचा गुळगुळीत थर). आणि सगळ्यांसाठी: हार्डनर आणि कोबाल्ट हे रेझिन घट्ट करणारे दोन पदार्थ कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. थेट मिसळले तर आग लागते, स्फोट होतो. आमच्या शेजारच्या शेडचं छप्पर यातच गेलं.

खटपट्या

केलं. सहाची एकच पट्टी, नवे बोल्ट, आणि पिवळ्या रंगानं ब्रॅकेटवर ठळक लिहिलं. मुलीनं खाली "बाबांनी फेकू नये" असं जोडलंय, ते ठेवलंय.

परत लेझर. २५ मिमी वर: टिंब २ मिमी आत. २५ मिमी खाली: १ मिमी आत. म्हणजे दोन्हीकडे एकाच बाजूला, ल्युनाताई म्हणाल्या तशी लांबीची किंचित चूक. की हबच सरकतोय?

निळी_ल्युना

बहुतेक हबच. या दोन मिमीच्या मागे लागून टाय रॉड कापू नका. तुमच्या वाघोडियाच्या सांध्याला ते कळणार नाही.

खटपट्या

रविवारी आयशर केला. त्याच सांध्यावर डावं चाक घातलं, तीसनं, मग चाळीसनं, मग पन्नासनं. ठक् असा आवाज आला आणि गाडी सरळ पुढे गेली. मित्र म्हणाला, "एवढंच?" त्याला काय सांगणार.

वळणातही शहाणी झाली. आता तक्रार उलटी आहे, नाक थोडं उशिरा वळतं. पण आधीची उडी सुरेख वाटायला लागली होती की काय, असंही वाटलं.

आता इंजिनाचं बोलू?

निवृत्त_फोरमन

बोला. पण आधी सांगा, जोरात ब्रेक मारला तर कोणती चाकं आधी जाम होतात?

खटपट्या

मागची. ओल्यात तर नक्की मागची. बूस्टर (ब्रेकचं पेडल हलकं करणारा) काढलाय, पेडल कडक आहे, पण थांबते.

निवृत्त_फोरमन

मग अजून इंजिनाचं बोलायचं नाही. ते ड्रम ऑम्नीचे. आठ माणसं आणि सामान घेऊन उतरणाऱ्या डब्याला थांबवण्यासाठी केलेले. तुमच्या गाडीत ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागे उरतं काय? मागची चाकं आधी धरली तर गाडी गरगर फिरते. मागच्या लाइनमध्ये प्रेशर कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह घाला आणि आधी ओल्या, मग कोरड्या काँक्रीटवर, सरळ रेषेत, कमी वेगापासून सुरुवात करून बसवत जा, पुढची आधी जाम होईपर्यंत.

आणि ६० बीएचपी थोडे म्हणू नका. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती गाड्या उभ्या केल्या आणि या देशातली रेसिंगची एक पिढी त्यात शिकली.

कोव्हेंट्रीकर

काकांना +१. शिवाय एमपीएफआय म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, टाकीत उच्च दाबाचा पंप, परतीची पेट्रोल लाइन, सेन्सर. मूळ गाडीची अख्खी वायरिंग मिळत असेल तरच हात घाला. आणि पुढच्या पुराचा विचार करा. कार्ब्युरेटर उघडून वाळवता येतो.

त्याआधी फुकटचं काम करा: चार कोपऱ्यांची वजनं, म्हणजे प्रत्येक चाकावर किती भार येतो ते. तुमच्या गाडीत एकटा माणूस उजवीकडे बसतो आणि तो गाडीच्या वजनाचा सातवा हिस्सा असतो. म्हणून ड्रायव्हर बसवूनच मोजायचं.

खटपट्या

हे करायचंच होतं. पण वे-ब्रिज दहा-दहा किलोनं मोजतो आणि घरचा काटा १५० ला संपतो. मी बसलो की एका चाकावर सरासरी १६० येतात.

निवृत्त_फोरमन

एका चाकाला दोन बाथरूमचे काटे, त्यावर आडवी फळी, फळीच्या मधोमध चाक. दोन्ही आकडे मिळवा, फळीचं वजन वजा करा. आठ काटे नसले तरी चालतं. उरलेल्या तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या रचा आणि एकेक चाक मोजत जा. जमीन मात्र सपाट हवी. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारी जागा पाहा. आणि दर वेळी मोजण्याआधी गाडी दोन-चारदा दाबून सोडा, नाहीतर शॉकर अडकून खोटं बोलतात.

खटपट्या

माझ्या जागी कोण बसेल तासभर? मला आकडे लिहायचेत.

फायबरवाली

गव्हाची पोती.

निवृत्त_फोरमन

पोती सीटवर आणि एक छोटी पायांकडे. माणसाचं वजन सगळं बुडाखाली नसतं.

खटपट्या

ठरलं तर. व्हॉल्व्ह या आठवड्यात, पुढच्या रविवारी वजनं. बॅटरी आता पुढे उजवीकडे आहे, ती डावीकडे पायाजवळ न्यायची असं मनात आहे, आकडे आले की ठरवतो. माझ्याकडे काटा एकच आहे. बडोद्यातलं कोणी दुसरा देईल का? तशाच मापाचा हवा.

निळी_ल्युना

कारेलीबागेतून माझा घेऊन जा. दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, आधीच सांगते. परत करताना मांडवीचा लीलो चेवडो, पाव किलो, त्याच काट्यावर मोजून.

इंदुरी_भिया

आणि इंजिन?

खटपट्या

भिया, आधी गव्हाची पोती.